पाणबुड्यांच्या माहेराची कैफियत

मी एक जुनी आधारनौका आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारीनं गोड गोड सुरुवात करून आम्हाला फसवलं. सोमवारी सकाळी दोन ओढबोटी येऊन मला भंगाराच्या धक्क्यावर नेणार आहेत. माझा राग त्याचा नाही. लोखंडाचा जीव, तो कधीतरी गंजायचाच. माझा राग वेगळा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही. म्हणजे, त्यांनी ओढलं तर हलावं लागेलच म्हणा. पण गप्प बसून नाही.

आधारनौका म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असायचं काही कारण नाही. पाणबुडी मात्र सगळ्यांना ठाऊक असते. पाण्याखालून चोरपावलांनी जाते, नळीतून डोळा वर काढून बघते, काय तो तोरा! पण आत राहणाऱ्याला विचारा. आंघोळीला पाणी नाही, पाय पसरायला जागा नाही. एक जण अंथरुणातून उठला की दुसरा त्याच उबदार अंथरुणात शिरणार. वर अंगाला, केसांना, पावाच्या तुकड्याला, सगळ्याला डिझेलचा वास. तीन-चार आठवडे असे काढले की पाणबुडी माझ्या कुशीला येऊन लागायची. दोर फेकले जायचे, मध्ये फळी पडायची, आणि दाढ्या वाढलेली चाळीस माणसं डोळे किलकिले करत वर यायची.

माझ्याकडे गरम पाण्याच्या सोळा न्हाण्या होत्या. ताज्या पावाची भट्टी होती. डॉक्टर होता, दात काढणारा होता, लाँड्री होती. खालच्या मजल्यावर अख्खा कारखाना होता: लेथ, ओतशाळा, सुतारांची बाकं. पाणबुडीच्या थकलेल्या बॅटऱ्या मी भरून द्यायचे, तिच्या पोटात नवे पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, ठेवायचे, तिचं मोडलंतुटलं सांधायचे. म्हणून खलाशी मला आधारनौका म्हणतच नसत. "माहेरी आलो," असं म्हणायचे. आणि मीही त्यांना माहेरासारखंच वागवायचे. आल्या आल्या पोटभर खाऊपिऊ घालायचं, झोपू द्यायचं, आणि निघताना काही कमी पडू द्यायचं नाही.

खरं म्हणजे माझा जन्म मालवाहू जहाज म्हणून व्हायचा होता. सांगाडा उभा राहिला, निम्मे पत्रे बसले, आणि वरून हुकूम आला की हिला पाणबुड्यांच्या सेवेला लावा. मग मालाच्या कोठारांत भिंती घातल्या, कारखाना बसवला, डोक्यावर ओझी उचलायच्या दोन याऱ्या उभ्या केल्या. तोफाही दोन दिल्या, पण सलामीपुरत्या. सव्वीस वर्षं मी काम केलं आणि एकदाही कुणावर गोळा डागला नाही. म्हणूनच माझं कौतुक झालं नाही, हे मला नंतर कळलं. फोटो काढणारे धक्क्यावर यायचे, पाणबुडीला कधी इकडून तर कधी तिकडून न्याहाळायचे, आणि माझ्या लोकांना म्हणायचे की मागे ते अवाढव्य धूड येतंय, ते जरा टाळता आलं तर बघा. धूड म्हणे! त्या नटवीला सकाळी अंगावरचं शेवाळ खरवडून, रंग देऊन उभी कुणी केली होती?

असो. मला सांगायचंय ते माझ्या मिस्त्रींबद्दल.

मिस्त्री म्हणजे माझ्या कारखान्याचे प्रमुख. बुटके, रुंद खांद्यांचे, डाव्या अंगठ्याला नख नसलेले. लाकडी दांड्याचं एक टोक यंत्राला आणि दुसरं कानाला लावून ते बिघाड ऐकायचे. पावाची फक्त कडा खायचे, मऊ भाग ज्याला हवा त्याला देऊन टाकायचे. वीस वर्षं ते माझ्या पोटात राबले. या वीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेली एकही झडप गळली नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. हो, मला छाती नाही. पण ज्यांना आहे त्यांनी कुठे सांगितलं?

माझ्यावर दोन नियम होते. ते कुठल्या वहीत नव्हते, कुठल्या फलकावर नव्हते. पण रोज पाळले जायचे. पहिला नियम असा की ज्यानं पाणबुडीची दुरुस्ती केली, त्यानं तिच्या पहिल्या बुडीला स्वतः आत बसायचं. आपल्या कामाखाली आपला जीव ठेवायचा. मग कुणी कामचुकारपणा करतो का बघा! दुसरा नियम टोपीचा. काम अर्धवट असेल तोवर कारागिरानं आपली टोपी त्या जागेवर ठेवून यायचं. टोपी आहे म्हणजे पाणबुडीनं बुडी मारायची नाही. ती टोपी ज्याची त्यानंच उचलायची, कप्तानानंसुद्धा हात लावायचा नाही. मिस्त्रींची टोपी कधीकाळी निळी होती म्हणतात. मी पाहिली तेव्हापासून ती तेल आणि काजळीच्या रंगाची होती, आणि ती झडपेवर दिसली की मोठमोठे साहेब गपचूप मागे वळायचे.

आता दुसरा माणूस. लाँड्रीवाला. किनाऱ्यावरच्या इस्पितळातून बदली होऊन तो माझ्याकडे आला. त्याच्या हातचे कपडे इतके कडक असायचे की पायजमा भिंतीला टेकवून उभा करावा. म्हणून सगळे त्याला कडकभाऊ म्हणू लागले. पहिल्या आठवड्यात त्याला समुद्र लागला. उलट्या करून करून बिचारा हिरवा पडला. मिस्त्रींनी त्याला आपल्या अंथरुणावर झोपवलं, त्याच्या इस्त्रीची सैल झालेली मूठ बसवून दिली, आणि चार दिवस त्याच्या बॉयलरवर आपला माणूस लावला. तेव्हापासून कडकभाऊच्या मनात एकच. मिस्त्रींसाठी आपण काय करू?

त्यानं काय केलं, ते ऐका.

गुरुवारची गोष्ट. तीन नंबरची पाणबुडी दोन दिवस आधी माझ्याकडे आली होती. पाणबुडीच्या इंजिनाला हवा घ्यायला एक जाड नळी असते. वर तरंगताना ती उघडी ठेवतात आणि बुडी मारायच्या आधी झडप लावून बंद करतात. त्या झडपेचं रबरी कडं झिजलं होतं. मिस्त्रींनी बुधवारी सकाळी काम सुरू केलं आणि गुरुवारी दुपारच्या जेवणाला संपवलं. नवं कडं चिकटवलं, पण ते पक्कं धरायला पुरी रात्र लागणार होती. त्यांनी झडपेवर टोपी ठेवली, वर येऊन तीन नंबरच्या कप्तानसाहेबांना गाठलं आणि सांगितलं की उद्या दहा वाजता बुडी मारू, मी बरोबर येतो. कप्तानसाहेबांनी मान डोलावली. मिस्त्री दोन घास खाऊन आडवे झाले. तीस तासांत त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

गुरुवार हा लाँड्रीचाही दिवस. कडकभाऊ पिशवी घेऊन पाणबुड्यांतून फिरायचा आणि मळकट दिसेल ते उचलायचा. तीन नंबरच्या इंजिनखोलीत त्याला मिस्त्रींची टोपी दिसली. त्याला येऊन तीन आठवडे झाले होते आणि टोपीचा नियम त्याला कुणीही सांगितला नव्हता. त्याला वाटलं, अरेरे, एवढा देवमाणूस आणि काय ही टोपी! त्यानं ती हळूच खिशात घातली, गरम सोड्यात तीनदा बुडवली, ब्रशनं घासली, खळ लावली आणि इस्त्री करून मिस्त्रींच्या खोलीतल्या खुंटीवर ठेवून दिली. ते झोपले होते, म्हणून पाय न वाजवता निघून गेला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या टोपीचा निळा रंग दिसला.

आणि इकडे कप्तानसाहेबांना घाई झाली. शनिवारी मोठे साहेब पाणबुड्या बघायला येणार होते. किती सेकंदांत कोण बुडी मारतो, याची मोजदाद होणार होती. दोन नंबरची पाणबुडी सकाळीच सराव करून आल्याचं कळल्यावर यांच्या पोटात दुखायला लागलं. दोन वाजता त्यांनी आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला विचारलं की झडपेवर टोपी आहे का. त्यानं बघून सांगितलं, नाही. मग मिस्त्रींना बोलावू का, असं त्या बिचाऱ्यानं विचारलंसुद्धा.

कप्तानसाहेब म्हणाले, "झोपू दे म्हाताऱ्याला."

मिस्त्री तिथून शंभर पावलांवर होते, मित्रांनो. शंभर पावलं! उद्या दहा वाजता, हे दोन तासांपूर्वी स्वतःच्या कानांनी ऐकलेला माणूस शंभर पावलं कुणाला पाठवायला तयार नव्हता. माझे दोर सोडले गेले. मी ते धरून ठेवू शकले असते तर दात-ओठ खाऊन धरले असते.

पंचवीस हात खाली गेल्यावर कडं निसटलं. इंजिनखोलीत पाणी घुसलं. तीन नंबर कशीबशी वर आली, पण इंजिनखोलीतले दोघं त्यात गेले. एक इंजिनवाला, तो न्हाणीत सगळ्यात जास्त वेळ काढायचा आणि बेसूर गायचा. दुसरा तेलवाला, त्याला महिन्याभरात घरी जायचं होतं. त्या दोघांना माझ्याच डेकवर आणून ठेवलं. माझ्या डॉक्टरनं तासभर खटपट केली आणि मग त्यानं हात थांबवले.

मिस्त्री आरडाओरडा ऐकून उठले तेव्हा त्यांना समोर ती खुंटी दिसली. ते टोपी हातात घेऊन लाँड्रीत गेले. कडकभाऊनं आनंदानं वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा बघून त्याच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. मिस्त्रींनी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो मटकन खालीच बसला. तेव्हा मिस्त्री जे बोलले, ते मी कधी विसरले नाही, आणि त्यासाठी त्यांना कधी माफही केलं नाही.

"तुला नियम सांगायचं काम माझं होतं," ते म्हणाले. "तू तोंड उघडू नकोस. तुला फाडून खातील. माझी वीस वर्षांची नोकरी आहे, माझं कोण काय करतंय?"

भोळा माणूस! त्यांना वाटलं, वीस वर्षं म्हणजे केवढा आधार.

चौकशी माझ्याच जेवणाच्या दालनात झाली. तीन अधिकारी, हिरव्या कापडाचं टेबल, पाण्याचे तीन ग्लास. तीन दिवस चालली. कप्तानसाहेब कडक गणवेशात आले आणि एकच गोष्ट सांगत राहिले. टोपी नव्हती, टोपी नाही म्हणजे काम झालं, ही तर या जहाजाची जुनी रीत. मिस्त्रींना विचारलं की टोपी ठेवली होती का. ते म्हणाले, ठेवली होती. मग गेली कुठे? त्यांनी खाली पाहिलं आणि सांगता येत नाही म्हणाले. मागच्या बाकावर कडकभाऊ बसला होता. तो हातातल्या रुमालाची घडी मोडत होता आणि पुन्हा घालत होता.

मिस्त्रींनी एवढं मात्र सांगितलं की उद्या दहा वाजता असं मी कप्तानसाहेबांना सांगितलं होतं, आणि टोपी असो वा नसो, मी आत नव्हतो, म्हणजे बुडी मारायची नव्हती.

"हा नियम कुठे लिहिलेला आहे?" मधल्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"लिहिलेला नाही, साहेब. पाळलेला आहे."

अधिकाऱ्यानं कागदावर काहीतरी टिपलं आणि म्हणाला, न लिहिलेला नियम आम्ही धरू शकत नाही. अहो, मग टोपीचा नियम तरी कुठे लिहिलेला होता? तोसुद्धा रीतच होती ना? कप्तानसाहेबांना वाचवायचं असलं की रीत चालते, आणि मिस्त्रींना वाचवायचं असलं की कागद दाखवा! हे विचारायला त्या दालनात पन्नास माणसं होती. पन्नास तोंडं होती. कुणी स्वतःचे बूट बघत होतं, कुणी माझं छत. भट्टीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी माझ्याकडे राहून मिस्त्रींच्या हातचं काम वापरलं होतं. एकानंही हूं की चूं केलं नाही.

निकालाच्या कागदावर 'मिस्त्रींचा हलगर्जीपणा' असं आलं. वीस वर्षं राबलेल्या माणसाला एका शब्दात काढून टाकलं. ते हत्यारांची पेटी घेऊन फळीवरून उतरले. उतरण्याआधी माझ्या कठड्यावर हात ठेवून क्षणभर थांबले. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त संताप आला.

पुढचं मला कडकभाऊकडूनच कळायचं. इस्त्री करताना एकटंच पुटपुटायची त्याला खोड लागली होती. मिस्त्री आता सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहतात, पंप आणि शिलाई मशिनं दुरुस्त करतात. त्यांना नऊ वर्षांची मुलगी आहे. हा दर रविवारी त्यांच्याकडे जातो. मुलीचा शाळेचा गणवेश घेऊन येतो, इस्त्री करून परत देतो. मुलगी त्याला काका म्हणते. शाळेत तिला मुलं 'बुडव्याची पोरगी' म्हणतात, ते तिनं आईवडिलांना सांगितलेलं नाही, काकांना सांगितलंय. हे पुटपुटताना तो त्या छोट्या फ्रॉकवरून इस्त्री इतक्या वेळा फिरवायचा की करपल्याचा वास यायचा. मी मनात म्हणायचे, अरे बाबा, चुण्या कापडाच्या नाहीत, बोल काहीतरी. तो बोलला नाही.

कप्तानसाहेबांची बढती झाली. मग आणखी एक झाली.

माझं काय झालं, ते थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्याच जुन्यांचं होतं. नव्या पाणबुड्या आल्या, त्यांना माझी गरज उरली नाही. माझी इंजिनं बंद केली. काही वर्षं मी तरंगतं गोदाम होते, मग तरंगतं दप्तर. लेथ उचलून नेले. भट्टीत कबुतरांनी घरटी केली आणि कागदांच्या गठ्ठ्यांत उंदरांनी संसार थाटले. मिस्त्री आठ वर्षांपूर्वी वारले, हे मला दोन पहारेकऱ्यांच्या गप्पांतून समजलं. त्यांनाही नाव आठवत नव्हतं. "तोच तो, ज्याच्यामुळे दोघं मेले," असं म्हणाले. तीस वर्षांनी त्या माणसाची तेवढीच ओळख उरली होती.

आणि तीन नंबर? तिला म्हणे संग्रहालय करायचं. समोरच्या बागेत चौथरा बांधला, तिला चकाचक काळा रंग दिला. दारात कप्तानसाहेबांचा पुरुषभर उंचीचा फोटो. त्यांचं निधन झाल्यावर तो आणखी मोठा केला असं ऐकते. आत प्रत्येक खोलीत माहितीची पाटी. मला भंगारात काढायच्या आधी माझ्याकडचं काही मांडायला मिळतंय का ते बघायला गेल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता संग्रहालयाच्या बाई आल्या. त्यांनी पावाचे पत्रे निवडले, दात काढायची खुर्ची निवडली. वस्तू ओळखायला जुन्या कामगारांना बोलावलं होतं. एकच आला. काठी टेकत, दम खात, पण शर्टाला अजून तशीच कडक इस्त्री.

बाईंच्या मागोमाग आणखी एक बाई आली. चाळिशीची, बुटकी, रुंद खांद्यांची. तिला बघताक्षणी मी ओळखलं. मिस्त्रींची मुलगी. ती आता तंत्रशाळेत मुलांना लेथ शिकवते. तिनं संग्रहालयाला सहा पत्रं लिहिली होती आणि उत्तर न आल्यामुळे ती स्वतः आली होती.

तिघं माझ्या जेवणाच्या दालनात बसली. त्याच दालनात. बाईंनी इंजिनखोलीसाठी तयार केलेली पाटी वाचून दाखवली: 'आधारनौकेवरील मिस्त्रींच्या हलगर्जीपणामुळे येथे दोन नाविकांनी प्राण गमावले.' शनिवारी ती पाटी स्क्रूनं आवळून बसवायची होती. मुलगी शांतपणे म्हणाली की एवढं एक वाक्य काढा. माझ्या वर्गातली मुलं सहलीला तिथे येणार आहेत. माझ्या वडिलांनी शिकवलेलं काम मी त्यांना शिकवते, आणि ती हे वाचणार. बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, चौकशीच्या कागदात हेच आहे, माझे हात बांधलेले आहेत. दुसरं काही हाती असेल तर द्या.

मुलीकडे काहीच नव्हतं. तिनं पर्स उघडली आणि पुन्हा बंद केली.

"टोपी मी नेली होती," कडकभाऊ म्हणाला.

दोघींना आधी काही कळलंच नाही. त्यानं काठी बाजूला ठेवली आणि सगळं सांगितलं: पिशवी, सोडा, खळ, खुंटी, मिस्त्रींचं बोलणं. न थांबता सांगितलं, जणू रोज मनात म्हणत आला होता. खरंच म्हणत आला होता. मी ऐकलेलं आहे.

मुलीनं आपली खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "काका, मला शाळेत काय म्हणतात ते मी फक्त तुम्हाला सांगायचे."

"हो, बाळ."

"आणि तुम्ही माझा गणवेश इस्त्री करून द्यायचात."

कडकभाऊनं मान खाली घातली. तो म्हणाला, "तुझे बाबा म्हणायचे, आता बोलून काय उपयोग, उगाच तुझीही नोकरी जाईल. मी त्यांचं ऐकलं. ऐकणं सोयीचं होतं."

इतक्या वर्षांत माझ्या दालनात बोललं गेलेलं हे पहिलं खरं वाक्य. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांपुढे आले ते शिलाई मशिनच्या चाकात तेल घालणारे मिस्त्री, आणि मी मनातून चरफडले. नऊ वर्षं आधी बोलला असतास तर त्यांनी ऐकलं असतं रे!

बाईंनी कागद काढला आणि लिहायला घेतलं. टोपी नसल्यानं गैरसमज होऊन दुर्घटना घडली, असं काहीतरी त्या लिहीत होत्या. मुलीनं त्यांना थांबवलं. ती म्हणाली, गैरसमज कसला? टोपी नव्हती हे खरं, पण बाबाही आत नव्हते. ते तर कप्तानांना दिसत होतं. उद्या दहा वाजता, हे बाबांनी त्यांना सांगितलं होतं, ते चौकशीच्या कागदातही आहे, मी वाचलाय. ते लिहा. बाई चाचरल्या. फोटो तर दारातच लावलाय, म्हणाल्या.

"फोटो राहू दे," मुलगी म्हणाली. "आत हे लावा."

मग तिनं कागद कडकभाऊपुढे सरकवला. बाईंना त्याची दया आली असावी. त्या म्हणाल्या, नाव नको टाकायला, 'एका कामगाराच्या सांगण्यावरून' असं लिहू. मुलीनं नकारार्थी मान हलवली.

"बाबांनी यांना लपवलं," ती म्हणाली. "मी नाही लपवणार. काका, पूर्ण नाव लिहा."

त्यानं लिहिलं. अक्षर वाचता येईल असं लिहिलं. उतरताना माझी फळी निसरडी झाली होती. मुलगी पुढे गेली, धक्क्यावर पोहोचली, थांबली, आणि परत येऊन तिनं त्याला हात दिला. त्याच्याशी बोलली मात्र नाही. तो काहीतरी म्हणू बघत होता, आणि ती पाण्याकडे बघत चालत राहिली. दोघं धक्क्याच्या टोकापर्यंत तशीच गेली.

शनिवारी नवी पाटी बसली. तिच्यावर लिहिलंय की पहिल्या बुडीला मिस्त्रींनी आत असायचं, ही रीत कप्तानांनी मोडली, आणि मिस्त्रींचं काम अजून व्हायचं होतं. खाली कडकभाऊचं नाव आहे. काल पाटी वाचून एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, बघ, शेवटी सत्य बाहेर येतंच. मी इथून ते ऐकलं आणि माझा पत्रा न् पत्रा कडाडला. सत्य बाहेर येतंच म्हणे! आपोआप आलं का ते? एका पोरीनं सहा पत्रं लिहिली, एका म्हाताऱ्यानं तीस वर्षांनी धीर केला, तेव्हा आलं. आणि ज्याच्यासाठी यायला हवं होतं, तो माणूस त्याआधीच गेला.

तर मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी आमच्यासारखे जुने लोक म्हणतात की आम्हाला जपा, आम्हाला फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल तोडा, माझे खिळे करा, तवे करा, काय हवं ते करा. माझी मागणी वेगळी आहे. ज्या दालनात एका माणसावर आळ येत असेल आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तिथे स्वतःचे बूट बघत बसू नका. मी बसले होते, कारण मला इलाज नव्हता. माझा भोंगा तीन मैलांवर ऐकू जायचा, पण त्याची दोरी दुसऱ्या कुणीतरी ओढावी लागायची, आणि त्या तीन दिवसांत ती कुणी ओढली नाही. तुम्हाला बोलायला कुणी दोरी ओढावी लागत नाही. मग तुम्ही कुणाची वाट बघता?